लाइन थांबवायची कुणी?

कुपवाड, पलूस किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या बऱ्यापैकी कारखान्यात शिरा, 'फाइव्ह एस' या नीटनेटकेपणाच्या जपानी पद्धतीचा फलक दर्शनी भिंतीवर बहुधा असतोच. जमिनीवर पिवळे पट्टे, हत्यारांना ठरलेल्या जागा, कोपऱ्यात कायझेनचा, म्हणजे सततच्या छोट्या सुधारणांचा, तक्ता. हे सगळं चांगलंच आहे, पण जपानी पद्धतीचं ते बाह्यांग झालं. चूक दिसताक्षणी काम थांबवायचा अधिकार मशीनवरच्या माणसाला देणं हा तिचा गाभा, आणि नेमका तोच आपण बंदरावर सोडून आलो.

या विचाराची सुरुवात मोटारीत नव्हे, मागात झाली. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाचं वैशिष्ट्य म्हणजे धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. विट्यातल्या यंत्रमाग कामगाराला याचं मोल समजावून सांगावं लागणार नाही. धागा तुटूनही माग चालत राहिला तर वाया जातं ते कापड, आणि थांबणारा माग असेल तर एकच माणूस अनेक माग सांभाळतो. पुढे ताइची ओनो यांनी हेच तत्त्व टोयोटाच्या मोटार कारखान्यात माणसांना लागू केलं. जुळणी करणाऱ्याला काही चुकीचं दिसलं की त्यानं दोरी ओढायची. मुकादम धावत येतो, दोष तिथल्या तिथे सुटला नाही तर लाइन थांबते, आणि दोरी ओढणाऱ्याला कुणी बोल लावत नाही.

आता आपल्याकडची फाउंड्री घ्या. समजा, ओतलेला पार्ट मशीनिंगला गेला आणि तिथे आत ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, निघालं. तोवर त्याच वाळूत आणखी दोन दिवसांचा माल ओतून झालेला असतो. ब्लो होल का पडलं? वाळूत ओल जास्त होती. ती मोजली का नाही? मोजायचं उपकरण बंद होतं. दुरुस्त का झालं नाही? खर्चाचा कागद सहीसाठी ऑफिसात पडून आहे. ओनो असाच 'का'मागून 'का' विचारायला सांगत, आणि उत्तर बहुतेक वेळा मोल्डिंगवाल्याकडून निघून साहेबाच्या टेबलापर्यंत येतं. म्हणूनच असे प्रश्न विचारायला कुणी फारसं उत्सुक नसतं! वाळू मुठीत दाबताच मोल्डिंगवाल्याला ओल कळलेलीही असते. पण काम नगावर असेल तर थांबण्याचा तोटा त्याच्याच खिशाला बसतो. वितळवून लोखंड परत मिळतं, पण वीज, बाइंडर आणि मजुरी परत मिळत नाही. थांबणं परवडत नाही असं म्हणणाऱ्या मालकानं रिजेक्शनचा हा हिशेब एकदा मांडून बघावा.

'जपानी माणसाची जातच शिस्तीची, आपल्याला ते जमायचं नाही,' हा आक्षेप नेहमीचा. पण दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानी माल स्वस्त आणि तकलादू म्हणून जगभर बदनाम होता. एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानमध्ये गुणवत्तेच्या संख्याशास्त्रावर गाजलेली व्याख्यानं दिली ती १९५० मध्ये. ज्यांच्या विचारावर डेमिंग उभे होते ते वॉल्टर शूहार्ट त्याआधीच, १९४७-४८ मध्ये, भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले होते. म्हणजे विद्या आपल्या दारात आधी आली. गरज मात्र नव्हती. साताऱ्यात १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स सुरू झाली त्या काळात स्कूटर नोंदवून गिऱ्हाईक वर्षानुवर्षं वाट पाहत असे. जिथे गिऱ्हाईकच रांगेत उभं, तिथे दोष शोधायची निकड कुणाला वाटणार? बाजार खुला झाला आणि चित्र पालटलं: २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागानं जपानचं डेमिंग पारितोषिक मिळवलं. माणसं इथलीच होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही पद्धत म्हणजे कामगाराकडून मिनिटामिनिटाचा घाम काढायची गोड युक्ती, असं युनियनवाले म्हणतात. जुलै २०१२ मध्ये मारुती सुझुकीच्या मानेसर कारखान्यात हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण कामाचा वेग आणि कायम व कंत्राटी कामगारांच्या पगारातली दरी यांवर तिथे आधीपासून असंतोष होता, हेही खरं. टोयोटाची घडी बसली ती नोकरीच्या हमीवर. १९५० च्या संपानंतर तिथे कायम कामगाराला सहसा काढायचं नाही असा रिवाज पडला, म्हणून सुधारणा सुचवली तर आपलीच गरज संपेल ही भीती उरली नाही. आपल्याकडे ठेकेदाराचा माणूस सहा-सात महिन्यांत बदलतो. त्याच्याकडून सूचनापेटीत चिठ्ठीची अपेक्षा करणं म्हणजे जरा थट्टाच आहे.

२०१७ मध्ये कोबे स्टीलनं मालाच्या तपासणीचे आकडे फिरवल्याची कबुली दिली, तेव्हा जपानचाही देव्हारा करायचं कारण नाही. तिथेही मुदत आणि दराचा ताण वाढला की कागद सुंदर होतो आणि माल तसाच राहतो. सांगली-साताऱ्याच्या लहान कारखानदारावर तर हा ताण दुप्पट. पुण्याची बडी कंपनी गुणवत्तेचं ऑडिट करायला येते आणि त्याच महिन्यात दर कमी करायलाही सांगते. उद्या त्यानं मोल्डिंगवाल्याला थांबायचा हक्क दिला, तर उशीर झालेल्या डिलिव्हरीचा दंड कोण सोसणार, हे त्या कंपनीच्या खरेदी विभागानं आधी ठरवायला हवं.