पोलिसांच्या गाडीला स्पीड लिमिट असतं का?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच भुंकणारं शेजारचं कुत्रं काढून टाकलंय. बाकी बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा असेल तर हेडफोन लावा. फक्त गाडी चालवताना दोन्ही नको.)

[००:००] आधी किस्सा



आजचा विषय माझ्या घरातूनच सुरू झाला. मागच्या महिन्यात मला ओव्हरस्पीडिंगचं ई-चलान आलं. दोन हजार रुपये. फोटोत गाडी माझी, नंबर माझा, चूकही माझीच. भरले.

त्याच आठवड्यात एका रात्री बाबा त्यांच्या स्कूटरवर जालना रोडने घरी येत होते. मागून एक गाडी आली. सायरन नाही, दिवा नाही, फक्त समोरच्या काचेत 'पोलीस' अशी पाटी. इतक्या जवळून आणि इतक्या जोरात गेली की बाबांचा तोल गेला आणि ते दुभाजकाला घासले. गुडघा सोलला, पँट फाटली, आरसा तुटला. नशीब, तेवढ्यावर भागलं. ती गाडी थांबली नाही.

मी घरी चिडलो. म्हटलं, नंबर बघितला का? बाबा म्हणाले, "जाऊ दे रे. साहेबांची गाडी असेल. त्यांना कोण विचारणार?"

आता बघा, त्या गाडीत खरंच पोलीस होते की कुणी पाटी लावून फिरणारा होता, हे मला माहीत नाही. त्यामुळे मी कुणावर बोट दाखवत नाहीये. पण बाबांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. "त्यांना कोण विचारणार?" खरंच कुणी विचारू शकत नाही का? कायदा काय म्हणतो? मग बसलो वाचायला.

[०२:४०] कायद्यात सूट आहे का?

आहे. पण आपल्याला वाटते तशी नाही.

वेगमर्यादा येते मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ मधून. त्या कलमात जी थेट सूट लिहिलेली आहे ती लष्करी सरावातल्या लष्कराच्या गाड्यांना, तीही ठरवून दिलेल्या भागात आणि ठरवून दिलेल्या काळात. पोलिसांच्या गाड्यांना सरसकट सूट तिथे नाही.

पोलिसांची सूट येते दुसरीकडून. २०१७ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यावर गाडी कशी चालवायची याचे नवे नियम आणले. त्यात 'आपत्कालीन वाहन' असा प्रकार आहे. अग्निशमनची गाडी, रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी, याच क्रमाने त्यांना प्राधान्य. म्हणजे चौकात बंब आणि पोलिसांची गाडी एकदम आली, तर आधी बंब.

या गाड्यांना वेगमर्यादा ओलांडता येते, लाल सिग्नल तोडता येतो. पण अटी आहेत. खरोखर आपत्कालीन काम हवं: कुणाचा जीव वाचवायचाय, आग विझवायचीय, मोठं नुकसान टाळायचंय. सायरन आणि रंगीत दिवा चालू हवा, म्हणजे इतरांना कळलं पाहिजे. सिग्नल तोडतानाही वेग कमी करून तोडायचा. आणि हे सगळं काळजीपूर्वक, जबाबदारीने. काम आपत्कालीन नसेल तर सायरन आणि दिवा वापरायचाच नाही.

आपल्या बाजूनेही कर्तव्य आहे. अशा गाडीला वाट दिली नाही तर कलम १९४ई नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे 'पोलीस आहेत म्हणून मुद्दाम साइड देत नाही' हा शहाणपणा नको.

मी सर्व्हरवर काम करतो, त्यामुळे मला हे असं समजतं. सायरन म्हणजे रूट अ‍ॅक्सेस. तुम्हाला नेहमीच्या युजरपेक्षा जास्त अधिकार मिळतात, पण एका कामापुरते, आणि तुम्ही काय केलं याचा लॉग राहतो. रूट अ‍ॅक्सेस घेऊन कुणी जेवणाचं पार्सल आणायला जात नाही.

[०५:३०] पाटी, स्टिकर आणि दुप्पट दंड

मग काचेतली पाटी कुठे बसते? कुठेच नाही. खासगी गाडीवर 'पोलीस' लिहिलं म्हणून ती आपत्कालीन वाहन होत नाही. घरी जाणाऱ्या पोलिसाच्या खासगी बाइकला तोच नियम, जो तुमच्या-माझ्या गाडीला.

लाल दिव्याची गोष्ट आठवत असेल. १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे गेले. तरी २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवर दिवा सापडला आणि देशभर चर्चा झाली. दिवा गेला, पण दिव्याची हौस गेली नाही.

आता सगळ्यात भारी कलम. २०१९ च्या दुरुस्तीत कायद्यात २१०बी आलं. सोप्या मराठीत: ज्यांच्याकडे हा कायदा लागू करण्याचं काम आहे, त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. हो, दुप्पट! हलक्या गाडीला ओव्हरस्पीडिंगचा दंड १ ते २ हजार असेल तर त्यांना २ ते ४ हजार. सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्ली वाहतूक पोलिसांनी आपल्याच कर्मचाऱ्यांना परिपत्रक काढून हे कळवलं होतं. महाराष्ट्रात वाढीव दंड जरा उशिरा, डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.

मी ऑफिसच्या चहाच्या टपरीवर सात जणांना विचारलं. सातपैकी एकालाही हे कलम माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

[०७:५०] दोन मिनिटांचा हिशोब

आता थोडं गणित. घाबरू नका, अकरावीचं फिजिक्स आहे.

समजा शहरात ६ किलोमीटर जायचंय. ताशी ६० ने ६ मिनिटं, ताशी ९० ने ४ मिनिटं. वाचली २ मिनिटं. तीही सगळे सिग्नल हिरवे मिळाले तर.

किंमत काय? समोर अचानक कुणी आलं तर मेंदूला कळून पाय ब्रेकवर जायला साधारण दीड सेकंद लागतो असं धरू. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. ताशी ६० ला गाडी थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात. ताशी ९० ला सुमारे ८२. वेग दीडपट, पण अंतर जवळजवळ दुप्पट, कारण ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं.

कुणाच्या घरात चोर शिरलाय आणि २ मिनिटं वाचणार असतील, तर हा धोका पत्करण्यात अर्थ आहे. सायरन वाजवून. पण ड्युटी संपवून घरी जाताना त्या २ मिनिटांचं करायचं काय?

[०९:३०] फ्लोरिडातली टोलची पावती

या विषयातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ती डेटाची आहे.

ऑक्टोबर २०११. फ्लोरिडा हायवे पोलिसातल्या डॉना जेन वॉट्स यांना मायामी पोलिसांची एक गाडी ताशी १२० मैलांनी, म्हणजे जवळपास १९३ किलोमीटरने जाताना दिसली. त्यांनी पाठलाग करून थांबवली आणि आतल्या पोलिसाला, फॉस्टो लोपेझला, बेड्या घातल्या. तो कुठल्या गुन्हेगाराच्या मागे नव्हता. साइड जॉबला उशीर झाला होता म्हणून पळवत होता.

'सन सेंटिनेल' या पेपरच्या सॅली केस्टिन आणि जॉन मेन्स या पत्रकारांना प्रश्न पडला: हा एकटाच आहे का? त्यांनी रडार घेतला नाही. पोलीस गाड्यांच्या टोल ट्रान्सपॉन्डरच्या सरकारी नोंदी मागवल्या. दोन टोलनाक्यांमधलं अंतर स्वतः गाडी चालवून जीपीएसने मोजलं. अंतर भागिले वेळ. बस! सुमारे ८०० पोलीस ताशी ९० ते १३० मैलांनी जाताना सापडले, त्यातले कितीतरी ड्युटीवर नसताना. पेपरने हेही शोधलं की २००४ पासून फ्लोरिडात पोलिसांच्या अशा वेगामुळे किमान ३२० अपघात झाले आणि १९ जणांचा जीव गेला.

लोपेझची नोकरी गेली. पेपरला २०१३ चं पुलित्झर मिळालं. आणि महत्त्वाचं: नंतर पुन्हा नोंदी तपासल्या तेव्हा तो वेडा वेग ८४ टक्क्यांनी कमी झाला होता. रस्ते तेच, गाड्या त्याच, माणसंही बहुतेक तीच. फक्त कुणीतरी बघतंय हे कळलं.

पण वॉट्सबाईंचं काय झालं? त्यांना धमक्या आल्या. त्यांच्या दाव्यानुसार, ८८ पोलिसांनी ड्रायव्हिंग लायसन्सच्या डेटाबेसमध्ये त्यांची खासगी माहिती २०० हून जास्त वेळा उघडून पाहिली. तेही लॉगमुळेच कळलं. आपल्यातल्याला पकडणं सोपं नसतं, कुठल्याही खात्यात.

[१३:१०] आपल्या जिल्ह्यात

आता घरी येऊ. आपल्या शहराजवळून समृद्धी महामार्ग जातो. सावंगी किंवा माळीवाड्याहून चढायचं, कारला मर्यादा ताशी १२०. टोल अंतरावर, म्हणजे कुठे चढलात, कुठे उतरलात, किती वाजता, सगळं फास्टॅगवर. १०० किलोमीटर ४० मिनिटांत कापले तर सरासरी १५० झाली, कॅमेरा लागतच नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर तर २०२४ पासून सरासरी वेग मोजून चलान निघतंय. टोलमाफीच्या गाड्यांसाठीही वेगळा फास्टॅग असतो. म्हणजे पैसे कापले नाहीत तरी नोंद होऊ शकते. फ्लोरिडाचा प्रयोग इथे करायला तंत्रज्ञान नवं लागणार नाही. इच्छा लागेल.

आणि नियम राबवणाऱ्यांनीच नियम मोडला तर काय होतं, याची आठवण आपल्या जिल्ह्याला आहे. १५ ऑक्टोबर २०२३ ची मध्यरात्र. वैजापूरजवळ, समृद्धीवर, जांबरगाव टोलनाक्याच्या परिसरात देवदर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर एका ट्रकला मागून धडकली. १२ जण गेले. तो ट्रक आरटीओच्या पथकाने भर रस्त्यात थांबवला होता असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. इथे प्रश्न वेगाचा नव्हता, गाडी थांबवण्याचा होता. पण मूळ तेच: गणवेश अंगात असला तरी गतीचे नियम बदलत नाहीत. मागून येणाऱ्या गाडीला काय माहीत की पुढे साहेब तपासणी करताहेत?

[१५:४०] दादाचं म्हणणं

एकच बाजू सांगितली तर तुम्ही मला शिव्या घालाल. माझा आतेभाऊ दुसऱ्या जिल्ह्यात पोलीस गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याला फोन लावला.

मी म्हटलं, "दादा, तुम्ही लोक एवढी गाडी का पळवता?"

तो म्हणाला, "तू ११२ ला फोन करतोस ना, तेव्हा तूच म्हणतोस पोलीस कधी येतात म्हणून. कॉल आला की वेळ सुरू होते. उशीर झाला तर वरून विचारणा, खालून शिव्या. लोक साइड देत नाहीत. बारा-बारा तास गाडी चालवून डोळ्यांत माती गेल्यासारखं होतं."

हे खरंच आहे. मग जरा थांबून तो म्हणाला, "पण खोटं नाही बोलणार. सवय लागते. कॉल नसला तरी पाय तसाच पडतो. आणि आपल्याला कुणी अडवणार नाही हे माहीत असतं."

मला वाटतं, सगळा विषय या शेवटच्या वाक्यात आहे. दादा वाईट माणूस नाही. वाईट आहे ती 'अडवणार नाही'ची खात्री.

अमेरिकन अभ्यासक टॉम टायलर यांनी शिकागोतल्या लोकांना विचारून १९९० मध्ये एक पुस्तक लिहिलं, लोक कायदा का पाळतात यावर. त्यांचं म्हणणं असं की शिक्षेच्या भीतीपेक्षा, कायदा राबवणारे न्यायाने वागतात असं वाटलं की लोक कायदा जास्त पाळतात. उलटं करून बघा. काचेतल्या पाटीची गाडी विनासायरन सुसाट जाते, ती बघणारी पन्नास माणसं काय शिकतात? 'नियम आपल्यासारख्यांसाठी आहेत.' मग कॅमेरा दिसला की ब्रेक आणि कॅमेरा गेला की अ‍ॅक्सिलरेटर. मीही त्यातलाच होतो, दोन हजार भरेपर्यंत.

[१८:२०] मग करायचं काय?

पहिलं, पाठलाग नको. चालत्या गाडीवरून व्हिडिओ तर अजिबात नको, तो स्वतंत्र गुन्हा आहे. बाजूला थांबा आणि चार गोष्टी लिहून ठेवा: नंबर, वेळ, जागा, सायरन-दिवा चालू होता की नाही. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सायरन असेल तर विषय सोडा, वाट द्या.

दुसरं, महाट्रॅफिक अ‍ॅपवर नागरिकांना तक्रार टाकता येते. शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कुणाला लागलं असेल तर हा चलानचा विषयच राहत नाही, निष्काळजी ड्रायव्हिंगचा गुन्हा होतो आणि त्यात गणवेशाला सूट नाही.

तिसरं, माहिती अधिकार. १० रुपये, ३० दिवस, ऑनलाइनही होतं. प्रश्न साधे विचारा: गेल्या वर्षी किती सरकारी गाड्यांना चलान झालं? किती भरलं गेलं? कलम २१०बी खाली दुप्पट दंड किती वेळा लावला? हे तीन प्रश्न मी स्वतः टाकतोय. उत्तर जे येईल ते इथेच वाचून दाखवणार, चांगलं आलं तरी आणि वाईट आलं तरी.

बाबांच्या गुडघ्याची खपली आता निघालीय. आरसा मी बदलून आणला. त्यांना २१०बी वाचून दाखवलं तेव्हा चष्मा वर करून त्यांनी दोनदा विचारलं, "दुप्पट? नक्की?" मग म्हणाले, "मग नंबर बघायला पाहिजे होता."

बस, एवढंच. पुढच्या वेळी बघू.

तुमच्याकडे असा अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण गाडीचा नंबर किंवा कुणाचं नाव त्यात नको. आणि घरात कुणी पोलीस असेल तर त्यांनाही हा भाग ऐकवा. त्यांची बाजू पुढच्या भागात घ्यायला मला आवडेल. भेटू मग. हेल्मेट घाला, हळू जा.