सहाशे भांडी, चोवीसशे फोटो

ऑनलाइन विक्रीसाठी ६०० भांड्यांचे फोटो काढायचेत; दर काय सांगाल? आधी वेळ मोजा. प्रत्येकाच्या चार बाजू म्हणजे २,४०० फोटो. एका फोटोला तीन मिनिटे धरली तरी १२० तास. रोज सहा तास प्रत्यक्ष काम झाले, तर २० दिवस. संगणकावरची साफसफाई वेगळी.

खरा वेळ जातो प्रकाशयोजना बदलण्यात. चकचकीत पितळेत अख्खा स्टुडिओ उमटतो, म्हणून पांढऱ्या पडद्यातून आलेला मऊ प्रकाश लागतो. मातीच्या भांड्याचा पोत मात्र तिरक्या प्रकाशातच उठून दिसतो. म्हणून वस्तूंचे गट पृष्ठभाग आणि आकारानुसार पाडा. एका मांडणीत एक गट संपवा. आधी वीस नग घड्याळ लावून टिपा, मगच नगामागे दर ठरवा.