कानात वाजणारी नाडी

रात्री उशीवर डोके टेकले की काहींच्या कानात धप्‌धप् सुरू होते. मनगटावर बोट ठेवावे तर तीच लय! एरवी कान वाजतो तेव्हा बाहेर आवाज नसतोच, तो मेंदूकडे जाणाऱ्या यंत्रणेत तयार होतो. इथे मात्र बहुधा वाहत्या रक्ताचाच आवाज असतो. क्वचित तो कानामागे स्टेथोस्कोप लावलेल्या डॉक्टरलाही ऐकू येतो. म्हणून या रुग्णाला ‘भास होतोय’ म्हणून वाटेला लावणे चूकच.

विदर्भातल्या वर्धा जिल्ह्यासारख्या भागात अशा वेळी आधी रक्त तपासावे. हिमोग्लोबिन फार उतरले की रक्त पातळ होते, हृदय ते जोराने ढकलते आणि त्याची खळखळ कानापर्यंत पोचते. विदर्भात कुपोषणाच्या जोडीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. लोह कमी असेल तर गोळ्यांनी कानातला आवाजही ओसरतो. सिकलसेलमध्ये मात्र सरसकट लोह देता येत नाही, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात ते आधीच साठलेले असू शकते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. रक्त कमी असल्याची खूण असलेल्या फिकट पापण्या तिथल्या घरभेटीतच दिसतात, त्यासाठी एमआरआय लागत नाही.

बाकीची कारणे मात्र थक्क करणारी. कानाच्या पडद्यामागे धडधडणारा लाल ठिपका दिसला तर ती रक्तवाहिन्यांनी भरलेली ग्लोमस गाठ असू शकते. तुकडा काढायला जावे तर भळाभळा रक्त येते, म्हणून आधी स्कॅन. अमेरिकी शल्यविशारद लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये वर्णिलेल्या विकारात आंतरकर्णाच्या अर्धवर्तुळी नलिकेवरचे हाड झिजलेले असते; काही रुग्णांना चक्क स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाज येतो! डोक्यातला दाब वाढला की शिरा चेपतात. तेव्हा वजन उतरवणे आणि अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध, क्वचित शिरेत स्टेंट. मानेची शीर हलकेच दाबल्यावर आवाज थांबला, तर दोष शिरेत असण्याची शक्यता वाढते. ही चाचणी डॉक्टरांनीच करावी. सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे मेंदूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली जाणे. त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि मांडीतून सरकवलेल्या बारीक नळीतून चिकट द्रव सोडून ती वाट बुजवतात.