एकट्या उन्हानं टायर फुटत नाही

२०१० सालच्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचं मागचं चाक फुटलं. गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आत बसलेला एक माणूस जागीच गेला. न्यायाधिकरणानं त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली, तेव्हा विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणं ही देवाची करणी आहे, असा तिचा युक्तिवाद होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो फेटाळला. जादा वेग, कमी किंवा जास्त हवा, वापरलेले टायर, तापमान अशा कारणांनी टायर फुटतो. निघण्यापूर्वी टायर पाहून घेणं हे मालकाचं किंवा चालकाचं काम आहे. ते केलं नाही तर तो माणसाचा निष्काळजीपणा, दैवाचा त्यात संबंध नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

हा निकाल सोलापुरातल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर, हवा भरण्याच्या यंत्राशेजारी लावावा असं मला मनापासून वाटतं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ अंशांवर जाणं ही बातमीच राहिलेली नाही. पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर अशा सगळ्या दिशांना चौपदरी रस्ते झालेत. सुट्टी लागली की अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर करणाऱ्या भरगच्च गाड्या भर दुपारी धावत असतात. त्यातल्या एखाद्या गाडीचा टायर फुटला की “ऊन काय कमी आहे का?” एवढं म्हणून चौकशी संपते. खरं तर ती तिथून सुरू व्हायला हवी.

“उन्हाळ्यात हवा चार-पाचनं कमीच ठेवायची”

सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात घातक समज हाच. त्यामागचा विचार वरवर पटतो. उन्हानं हवा फुगते, दाब वाढतो, टायर फुटतो, म्हणून आधीच थोडी हवा काढून ठेवलेली बरी.

दाब वाढतो हे खरं आहे. पण किती वाढतो ते पाहा. मे महिन्यात सकाळी सहाला, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ३३ पीएसआय हवा भरली आणि तेव्हा तापमान २७ अंश होतं असं धरू. दुपारी ४३ अंशांत नुसती उभी असताना तीच हवा साधारण साडेपस्तीस दाखवेल. मोहोळ, टेंभुर्णी मागे टाकून टायर चांगला तापला की काटा ३९ च्या आसपास जाईल. आता टायरच्या अंगावरचा बारीक मजकूर वाचा. मोटारीच्या बहुतेक टायरवर कमाल दाब ४४ किंवा ५१ पीएसआय असा छापलेला असतो. टायर प्रत्यक्ष फाटायला त्याहूनही कितीतरी जास्त दाब लागतो. चांगल्या टायरला ही वाढ सहज पेलते. गाडी बनवणाऱ्यांनी ती हिशेबात धरलेली असते, म्हणूनच दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी दिलेला असतो.

आता उलट बाजू. टेंभुर्णीला चहाला थांबल्यावर कुणीतरी मोजतो, ३९ पाहून घाबरतो आणि हवा सोडून ३३ करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टायरमध्ये २७-२८ च उरलेली असते. मालकाला वाटतं, हवा बरोबर आहे. टायर मात्र आता उपाशी पळणार असतो.

हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत जमिनीला टेकताना जास्त दुमडते आणि वर जाताना पुन्हा सरळ होते. २०५/५५ आर १६ या नेहमीच्या मापाचं चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदात १४ वेळा फिरतं. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटरमध्ये ते सव्वा लाख वेळा फिरतं, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सव्वा लाख वेळा दुमडतो. लोखंडी तार हातात धरून खालीवर वाकवत राहिलं की वाकलेली जागा चटका देते, तसंच रबराचं होतं. ही उष्णता आतून तयार होते. रस्त्याचं ऊन तिच्यात भर घालतं आणि मुख्य म्हणजे तिला बाहेर पडू देत नाही. मग रबर आणि आतल्या पोलादी तारांचे पट्टे यांची पकड सुटू लागते, आणि एका क्षणी नक्षीचा थर सोलून निघतो किंवा भिंत फाटते.

याचा पुरावा पाहायचा असेल तर हवा कमी असताना पळालेला ट्यूबलेस टायर रिमवरून उतरवताना बघा. जुन्या पुणे नाक्याच्या बाजूला चाकांची कामं करणारा कुठलाही अनुभवी माणूस तो उलटा करून दाखवतो. आत काळा भुगा साचलेला असतो, हात घातला तर बोटांना काजळीसारखा लागतो. भिंतीच्या आतल्या अंगाला गोल फिरलेला, खरवडल्यासारखा पट्टा असतो. बाहेरून टायर नवा, नक्षी पूर्ण, आणि आतून भिंत चिरडलेली. असा टायर पंक्चर काढून परत चढवायचा नसतो. पण “नक्षी आहे की अजून” म्हणत तो सर्रास चढवला जातो.

अमेरिकेत या गोष्टीची किंमत फार मोठी मोजली गेली. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. ते प्रामुख्यानं फोर्ड एक्सप्लोरर गाडीवर होते, नक्षीचा थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि अपघातांचं प्रमाण टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या उष्ण राज्यांत जास्त होतं. सरकारी नोंदीत २७१ मृत्यू आले. टायरमध्ये बनावटीचे दोष होतेच, पण फोर्डनं त्या गाडीसाठी अवघा २६ पीएसआय दाब सांगितला होता, यावरही मोठा वाद झाला. त्यानंतरच्या कायद्यामुळे तिथे प्रत्येक नव्या मोटारीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. पण त्या यंत्रणेचा इशारा देणारा दिवाही सुरुवातीलाच पेटत नाही. अमेरिकी नियमाप्रमाणे दाब २५ टक्के उतरला की इशारा मिळायला हवा. ३३ च्या टायरला तो पंचवीसच्या खाली मिळेल. वरच्या उदाहरणातल्या २७-२८ ला दिवा शांतच राहू शकतो. म्हणून दिवा असला तरी पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी निघण्यापूर्वी हवा मोजायलाच हवी.

“नायट्रोजन भरला की काळजी नको”

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तापल्यावर दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच वाढतो. नायट्रोजन थोडा सावकाश गळतो आणि त्यात ओल नसते, एवढाच फायदा. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेनं ३० पीएसआय भरलेले टायर वर्षभर उघड्यावर ठेवून पाहिले. साध्या हवेचे सरासरी साडेतीननं उतरले, नायट्रोजनचे २.२ नं. भरायचा असेल तर जरूर भरा, पण मोजायचा कंटाळा करू नका.

“समर टायर म्हणजे उन्हाळ्यासाठीचा टायर, सोलापूरला तोच हवा”

ज्यांच्या हातात थोडी दमदार गाडी आली आहे, ते आता मिशेलिनचा पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचा पोटेंझा अशा उच्च कामगिरीच्या समर टायरबद्दल विचारू लागले आहेत. या नावानं मोठा घोळ होतो. हे वर्गीकरण युरोपातल्या हवामानातून आलं आहे. तिथे साधारण ७ अंशांखाली समर टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं, म्हणून हिवाळ्यात वेगळे टायर लावतात. जर्मनीतल्या मराठी घरांच्या तळघरात चाकांचा दुसरा संच ठेवलेला असतो तो यासाठी. ऑक्टोबर ते ईस्टर एक, उरलेल्या वर्षभर दुसरा. सोलापूरच्या डिसेंबरातली पहाटसुद्धा सहसा ७ अंशांच्या बरीच वर असते. त्या अर्थानं आपण बारा महिने उन्हाळ्यातच गाडी चालवतो. हा टायर जास्त ऊन सोसतो, असा त्याचा अर्थ नाही.

मग तो कशासाठी? पकडीसाठी, विशेषतः ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी. ज्यांनी तो बदलून लावला, त्यांचा अनुभव बहुतेक सारखाच असतो. स्टिअरिंग हातात घट्ट वाटतं, वळणावर गाडी सरकत नाही आणि ब्रेक दाबल्यावर ती लवकर थांबते. मेमध्ये वळीव पडतो तेव्हा महिनोन्महिने साचलेली धूळ आणि तेल पहिल्या सरीत वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. त्या पहिल्या अर्ध्या तासात या टायरचे पैसे वसूल होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडेही ओल्या रस्त्यावरची पकड, फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांची किमान मानकं टायरना लागू झाली आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरापासून ती नव्या रचनेच्या टायरना आणि पुढे टप्प्याटप्प्यानं आधीच्या रचनांनाही लागू झाली.

या पकडीची किंमतही त्याच रबरातून वसूल होते. ते मऊ असतं, म्हणून लवकर झिजतं. भिंत कडक असते, म्हणून पुलांच्या सांध्यांवर धक्के जाणवतात. आणि हौसेपोटी माप वाढवलं तर दुखणं आणखी वाढतं. २०५/५५ आर १६ च्या जागी २२५/४० आर १८ लावला तर चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, पण भिंत ११३ मिलिमीटरवरून ९० वर येते. रंग उडालेल्या गतिरोधकावर किंवा सर्व्हिस रोडच्या खड्ड्यात गाडी आदळली की रबर रिम आणि खड्ड्याची धार यांच्यात चेपलं जातं, आतले धागे तुटतात आणि भिंतीला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो बदलायचाच, नाहीतर पुढच्या लांबच्या प्रवासात तोच फुटतो.

टायरवरच्या शेवटच्या अक्षरानंही असाच खोटा धीर येतो. ‘९१ व्ही’ याचा अर्थ एका टायरवर ६१५ किलो भार आणि ताशी २४० पर्यंत वेग. ही मर्यादा योग्य हवा भरलेल्या, धड असलेल्या टायरची आहे. पाच जणांच्या गाडीत सात जण, वर कॅरिअरवर बॅगा, हवा २७ आणि पारा ४३, अशा टायरला ते अक्षर काहीच हमी देत नाही. भार जास्त असेल तर हवा वाढवायची असते. कित्येक गाड्यांच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा, मोठा आकडा छापलेला असतो. देवदर्शनाला निघताना तो कुणी वाचत नाही, याचं वाईट वाटतं.

“सिमेंटचा रस्ता टायर फोडतो”

समृद्धी महामार्गामुळे हा समज घट्ट झाला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि टायर फुटण्याच्या बातम्या येऊ लागल्या. दोष काँक्रीटला दिला गेला. पण फिकट रंगाचं काँक्रीट ऊन जास्त परतवतं. भर दुपारी काळं डांबर त्याहून जास्त तापतं. नवीन होतं ते सलग, न थांबता, ताशी १२० नं तासन्‌तास धावणं. गावातल्या गावात चालून गेलेले जुने, कमी हवेचे टायर तिथे पहिल्यांदाच कसाला लागले. परिवहन विभागानंही मग प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली.

टायरवर नुसता ठपका ठेवणं किती सोपं असतं, हे १ जुलै २०२३ च्या पहाटे दिसलं. सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं. अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र तसा पुरावा मिळाला नाही. रस्त्यावर रबराचे तुकडे नव्हते आणि टायरच्या खुणाही नव्हत्या.

ढाब्यावर थांबून तापलेल्या टायरवर बादलीभर पाणी ओतणारेही भेटतात. त्यानं वरची कातडी गार होते, उष्णता साठलेली असते ती आत. सावलीत अर्धा तास गाडी उभी करणं जास्त उपयोगी, आणि त्यात चालकालाही विश्रांती मिळते.

“नक्षी आहे तोवर टायर चांगला”

कायद्यानं मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचांत तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झाला, तो काढायचा. पावसाळ्याचा विचार केला तर ३ मिलिमीटरलाच बदलावा, कारण त्याखाली पाणी बाजूला सारण्याची ताकद झपाट्यानं घटते.

पण आपल्याकडे खूप गाड्या कमी चालतात आणि उन्हात उभ्या राहतात. त्यांची नक्षी संपत नाही, रबर संपतं. उष्णता आणि प्राणवायूमुळे ते वाळतं, कडक होतं, भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात. टायरचं वय त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे कधी टायरच्या आतल्या, गाडीखालच्या बाजूला येतात, तेव्हा वाकून बघावं लागतं. नवा टायर घेतानाही दुकानदाराला ते दाखवायला सांगा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी बदल, असं मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात. सोलापूरच्या उन्हात मी दहाची वाट पाहणार नाही.

हाच हिशेब स्टेपनीलाही लागू आहे. आठ वर्षांच्या गाडीतली कधीच न वापरलेली स्टेपनी कोरी करकरीत दिसते, पण तिचं रबर आठ वर्षांचं असतं आणि डिकीत दर उन्हाळ्यात भाजून निघालेलं असतं. तिच्यातली हवाही बहुधा कुणी मोजलेली नसते. शिवाय अनेक गाड्यांत ती बाकीच्या चाकांपेक्षा लहान मापाची असते आणि तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते. नळदुर्गजवळ ती चढवली तर जवळच्या गावात पंक्चर काढून घेईपर्यंत तेवढाच वेग ठेवायचा, आणि हैदराबाद गाठायचं असेल तर दुरुस्त केलेलं मूळ चाक परत बसवूनच पुढे निघायचं.