जालविभाजन, घरगुती
घरमालक व भाडेकरू यांसारखी दोन स्वतंत्र कुटुंबे आंतरजालाची एकच जोडणी वापरीत असताना, एका कुटुंबाची साधने दुसऱ्यास दिसू नयेत व वापरता येऊ नयेत, अशा रीतीने घरातील स्थानिक जालाचे भाग पाडण्याच्या क्रियेस घरगुती जालविभाजन म्हणतात. कचेऱ्या, वसतिगृहे व उपाहारगृहे यांमध्ये हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

आवश्यकता : एका स्थानिक जालातील साधने परस्परांवर विश्वास ठेवतात, या गृहीतावर जालाची मूळ रचना आधारलेली आहे. साधनाचा जालपत्ता व त्याचा यांत्रिक पत्ता यांची सांगड घालणारा नियमसंच १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर देणाऱ्याची ओळख पटवून घेण्याची सोय नाही. त्यामुळे जालातील एखादा संगणक ‘मीच राउटर आहे’ असे भासवून इतरांची वाहतूक स्वतःकडे वळवू शकतो. हेतू वाईट नसला, तरी एका घरातील विषाणुबाधित संगणक दुसऱ्या घरातील छपाईयंत्र, कॅमेरा वा सामाईक साठवण यांपर्यंत पोहोचू शकतो.

दुसरी बाब उत्तरदायित्वाची आहे. एका जोडणीवरील सर्व वापर बाहेरून सामान्यतः जोडणीधारकाच्याच नावावर दिसतो. अहमदाबाद येथे २६ जुलै २००८ रोजी झालेल्या बाँबस्फोटांच्या सुमारास पाठविण्यात आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे आढळले. त्या रहिवाशावर आरोप ठेवला गेला नाही. तथापि त्यास चौकशीस तोंड द्यावे लागले.

पद्धती : विभाजनाच्या तीन पद्धती प्रचलित आहेत.

(१) अतिथी जाल : बहुतेक घरगुती राउटरांत निराळ्या नावाचे व निराळ्या परवलीच्या शब्दाचे दुसरे वाय-फाय जाल चालू करता येते. ही सर्वांत स्वस्त पद्धत होय. परंतु ती सामान्यतः बिनतारी साधनांपुरतीच असते. तारेने जोडलेल्या दूरचित्रवाणी संचास वा संगणकास तिचा उपयोग होत नाही.

(२) अनेक राउटर : मालकाच्या राउटरास भाडेकरूचा राउटर जोडणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. पत्तांतर करणारा राउटर आपल्या आतील बाजूचे बाहेरच्या बाजूपासून रक्षण करतो, उलट दिशेने नाही. या मांडणीत भाडेकरूची वाहतूक मालकाच्या जालातूनच बाहेर जाते. म्हणून मालकाची साधने त्याच्या आवाक्यात राहतात. क्रम उलटा केल्यास केवळ भूमिका बदलतात. यावर उपाय म्हणजे मुळाशी एक राउटर ठेवून त्यास दोघांचे दोन राउटर समांतर जोडणे. मुळाच्या व आतील राउटरांच्या पत्तामालिका मात्र भिन्न असाव्या लागतात. या पद्धतीत दुहेरी पत्तांतर होत असल्याने काही खेळ व बाहेरून घरात येणाऱ्या जोडण्या यांना अडथळा येतो.

(३) आभासी स्थानिक जाल : याचे ८०२·१क्यू हे मानक १९९८ मध्ये मान्य झाले. त्यानुसार प्रत्येक माहिती-चौकटीस ४ बाइटांची खूणपट्टी जोडतात. तीतील १२ बिट जालक्रमांकासाठी असल्याने एकूण ४,०९६ क्रमांक होतात. पैकी दोन राखीव असून ४,०९४ वापरता येतात. एकाच स्विचचे काही पोर्ट मालकास व काही भाडेकरूस देता येतात आणि एकाच वाय-फाय केंद्रावरून दोन जाले चालविता येतात.

उपकरणांची निवड : भाडेकरूची सर्व साधने बिनतारी असतील, तर अतिथी जाल पुरते. तारेची जोडणी द्यावयाची असल्यास खूणपट्टी जाणणारा राउटर व व्यवस्थापनक्षम स्विच घ्यावा. साध्या स्विचला पोर्टनिहाय विभागणी करता येत नाही. केवळ क्रमांक निराळे दिल्याने विभाजन पूर्ण होत नाही. राउटर दोन जालांमध्ये वाहतूक पोहोचवितो; ती रोखणारा फायरवॉलचा नियम स्वतंत्रपणे घालावा लागतो. हा नियम आयपी आवृत्ती ४ व आवृत्ती ६ या दोहोंसाठी हवा. वेगाची वाटणी करावयाची असल्यास, ती सोय चालू असताना राउटर पूर्ण वेग पेलतो किंवा नाही, हे पाहावे. निर्माता सुरक्षाविषयक सुधारणा किती काळ पुरवितो, हेही किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. मुख्य उपकरणे मालकाच्या बाजूस कुलुपात ठेवावीत.

मांडणीनंतर भाडेकरूच्या जोडणीवरून मालकाचे छपाईयंत्र व राउटरचे व्यवस्थापनाचे पान उघडून पाहावे. दोन्ही उघडता कामा नयेत. हीच तपासणी उलट दिशेनेही करावी.

मर्यादा : विभाजनाने दोन्ही घरांची साधने अलग होतात, परंतु मुळाचा राउटर ज्याच्या ताब्यात असतो, त्याच्यापासून दुसऱ्याचे पूर्ण रक्षण होत नाही. सांकेतिक रूपातील मजकूर त्यास वाचता येत नसला, तरी कोणत्या संकेतस्थळांशी संपर्क झाला, हे त्यास बहुधा कळू शकते. म्हणून ही व्यवस्था भाडेकरूस आधी सांगणे उचित ठरते. जोडणीधारकाचे उत्तरदायित्वही विभाजनाने संपत नाही. शिवाय सेवादात्याचा करार अशा सामाईक वापरास मुभा देतो किंवा कसे, हे पाहावे लागते. जेथे शक्य असेल तेथे भाडेकरूने स्वतःच्या नावे वेगळी जोडणी घेणे, हेच सर्वांत निर्दोष विभाजन होय.