इंचाला किती ठिपके?

घरच्या प्रिंटरवर छायाचित्र झकास उमटले, म्हणजे स्मरणिकेतही तसेच उमटेल, असे आपण धरून चालतो. प्रिंटरच्या खोक्यावर इंचाला ४८०० ठिपक्यांची ग्वाही असते ना! पण ते शाईचे ठिपके. एकेक छटा उठविण्यात त्यांतले कित्येक खर्ची पडतात. चित्रातला तपशील त्याने तसूभर वाढत नाही. छापखान्यात गुळगुळीत कागदासाठी बहुधा इंचाला १५० ओळींची जाळी घेतात. तिला मूळ चित्रात इंचागणिक सुमारे ३०० बिंदू हवेत. म्हणजे १२०० बिंदू रुंदीचे चित्र चारच इंच छापावे. दिवंगत संस्थापकांचा चेहरा पानभर हवा म्हणून नुसता आकडा वाढविला, तर मधले बिंदू संगणक अंदाजाने भरतो आणि नेमके डोळेच पुसट होतात. घरी छापलेली प्रत देणे आम्हांला त्याहून गैर वाटते. तिच्या ठिपक्यांवर पुन्हा जाळीचे ठिपके पडतात. मूळ फाइलच द्यावी.