पाळीव श्वानाचा चिवट लंगडेपणा : कारणमीमांसा, तपासणी आणि आपल्या औषधांच्या मर्यादा

चिकित्सालयात येणारे रुग्ण स्वतःच्या सांधेदुखीबरोबर घरच्या कुत्र्याच्या लंगडण्याविषयीही हल्ली सल्ला विचारू लागले आहेत. "महिना झाला, मागचा पाय नीट टेकत नाही. एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. आपले शल्लकी-गुग्गुळ चालेल का?" असा साधारण प्रश्नाचा रोख असतो. औषधी दुकानाच्या गल्ल्यावर तर तो आमच्यापेक्षाही अधिक वेळा ऐकू येत असणार. समोरची व्यक्ती परिचित असते, मुके जनावर त्रासात असते, आणि 'वनस्पतीचे औषध आहे, अपाय तर होणार नाही' असे वाटून एखादी डबी सहज दिली जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन अंगांनी करावयाचा आहे : श्वानाचे लंगडणे दीर्घकाळ का टिकते, आणि आपल्या कपाटातील कोणती औषधे त्याला अपायकारक ठरतात.

परंपरा आणि कायदा

प्राणिचिकित्सा आयुर्वेदाला परकी नाही. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, शालिहोत्राची अश्वचिकित्सेची परंपरा आणि जयदत्ताचे अश्ववैद्यक हे ग्रंथ आपणांस ज्ञात आहेत. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात 'सारमेयविनोद' हे श्वानांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र या परंपरेतील एक गोष्ट आपण विसरतो. हत्ती आणि घोडा यांच्यासाठी आचार्यांनी वेगवेगळी शास्त्रे रचली. मानवी मात्रेला वजनाने गुणून किंवा भागून त्यांनी काम भागविले नाही. प्राण्याची जात बदलली की प्रकृती, अग्नी आणि सात्म्य बदलते, हे त्यामागील तत्त्व होय.

कायद्यानेही हा भेद राखला आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांचाही समावेश आहे. परंतु १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाच्या कलम ३० नुसार पशुवैद्यक व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकासच आहे. म्हणजे प्राण्यांसाठी आयुर्वेदीय औषध असू शकते; पण आपली पदवी आपणांस श्वानाचा चिकित्सक बनवीत नाही. आपले कार्य योग्य दिशा दाखविण्याचे आणि अपाय टाळण्याचे आहे.

लंगडणे हे लक्षण आहे

खंज आणि पंगु यांचे वर्णन वातव्याधींत येते. त्यामुळे लंगडणारा श्वान दिसला की आपले मन लगेच 'संधिगत वात' या निदानाकडे धावते. वास्तविक लंगडणे हे केवळ लक्षण असून वय, जात आणि पाय पाहिल्याशिवाय त्याच्या हेतूचा अंदाज येत नाही.

वाढीच्या वयातील पिल्लांत, विशेषतः जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत, सुमारे पाच ते अठरा महिन्यांच्या दरम्यान पॅनोस्टियायटिस हा लांब हाडांचा दाहयुक्त विकार आढळतो. त्यात आज एक पाय, पंधरा दिवसांनी दुसरा, असे दुखणे फिरत राहते. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर या जातींत खुब्याचा व कोपराचा सांधा वाढीच्या काळात सदोष घडण्याकडे कल असतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. श्वान चार पावले पाय उचलून उड्या मारतो आणि पुन्हा काहीच घडले नाही असा चालू लागतो.

मध्यम वयात मागचा पाय लंगडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे गुडघ्यातील पुढील क्रूसिएट अस्थिबंध तुटणे. मनुष्यात तो बहुधा खेळताना एका झटक्यात तुटतो. श्वानात मात्र तो बहुतांशी हळूहळू जीर्ण होत जातो, आणि अनेक श्वानांत कालांतराने दुसऱ्या गुडघ्यातही तेच घडते. असा श्वान बसताना तो पाय पोटाखाली न घेता बाहेर पसरून बसतो.

उतारवयात सांध्यांची झीज हे कारण असतेच. पण मोठ्या जातीच्या श्वानात अस्थ्यर्बुदाचा विचार प्रथम करावा लागतो. पुढच्या पायात मनगटाच्या वर व खांद्याजवळ, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास ते अधिक आढळते. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने आपल्या रॉटवायलरच्या मनगटावरील सुजेला दोन महिने तेल चोळले आणि दुकानातून आणलेल्या गोळ्या दिल्या. पशुवैद्यकाने काढलेल्या क्ष-किरण चित्रात हाड पोखरलेले दिसले. हा कर्करोग निदान होईपर्यंत बहुतेक श्वानांच्या फुप्फुसात सूक्ष्म रूपाने पोहोचलेला असतो, हे खरे. तरीही त्या दोन महिन्यांची वेदना टाळता आली असती, आणि ज्या हाडावर रोज मर्दन चालले होते ते केव्हाही मोडू शकले असते.

'कारण सापडले नाही' याचा अर्थ

क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही, याचा अर्थ व्याधी नाही असा होत नाही. अस्थिबंध क्ष-किरणात दिसत नाही. सांध्यातील द्रवाची छाया आणि पुढे वाढलेली हाडाची टोके तेवढी दिसतात. ढिला गुडघा ओळखण्यासाठी हाताने विशिष्ट परीक्षा करावी लागते. दुखणाऱ्या श्वानाने स्नायू ताठ ठेवले तर ती गुंगी दिल्याशिवाय होत नाही. कित्येकदा चित्र खुब्याचे काढलेले असते आणि दोष गुडघ्यात असतो.

दुसरे दुर्लक्षित कारण गोचीड हे होय. गोचीडापासून पसरणाऱ्या एर्लिकियासारख्या जंतूंमुळे ज्वर, अरुची, रक्तातील बिंबिकांची घट आणि सांध्यांचा दाह होतो. लंगडणे एका पायातून दुसऱ्या पायात जाते. आपल्या परिभाषेत आमवाताची आठवण व्हावी असे हे चित्र असले, तरी त्याचे निदान रक्ततपासणीने होते आणि त्यावर ठरावीक प्रतिजैविक औषध आहे.

तिसरे कारण आहाराचे. केवळ दूध-पोळी किंवा केवळ मांस यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात. नुसत्या मांसात कॅल्शियम अत्यल्प आणि फॉस्फरस फार असतो, हे त्याचे कारण. याच्या उलट, संतुलित तयार आहार घेणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लास वरून कॅल्शियम दिल्यास हाडांची घडण बिघडते. म्हणून 'पिल्लू आहे, प्रवाळ-शंख देऊन ठेवा' हा सल्ला देऊ नये.

आणि शेवटी, पायाचा तळवा. बोटांच्या बेचक्यात रुतलेले कुसळ, काच, तुटलेली किंवा मांसात वळलेली नखी अशा साध्या कारणांनी महिनोन्‌महिने लंगडणारे श्वान आहेत.

त्रिविध परीक्षा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांपैकी येथे प्रश्न मालकास विचारावयाचे असतात. लंगडणे एकाएकी सुरू झाले की हळूहळू? विश्रांतीनंतर उठताना अधिक की फिरून आल्यावर? नेहमी तोच पाय असतो का? ताप, गोचीड, वजनातील घट? आहार काय? घरात फरशी गुळगुळीत आहे का? कोणती औषधे दिली?

दर्शनासाठी मालकास श्वानाचे चालतानाचे चित्रण मोबाइलवर करून ठेवण्यास सांगावे. अनोळखी जागी भीतीमुळे अनेक श्वान लंगडणे लपवितात. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते आणि निरोगी पाय टेकताना खाली येते. मागचा पाय दुखत असल्यास त्या बाजूचा खुबा चालताना अधिक वर-खाली होतो. मांडीचा एका बाजूचा स्नायू बारीक झाला असेल तर दुखणे जुने आहे.

स्पर्शन आपण करू नये. वेदनेत असलेला प्रेमळ श्वानही चावतो. लसीकरण न झालेल्या श्वानाची चाल एकाएकी बिघडली, त्यासोबत आवाज बदलला, लाळ गळू लागली किंवा वागणे पालटले, तर अलर्काची शंका घ्यावी. मालकाने त्याच्या तोंडात हात घालू नये आणि तत्काळ पशुवैद्यकास कळवावे.

आपल्या कपाटातील अपायकारक द्रव्ये

औषधविक्रेत्यांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा.

लसूण : वातव्याधीत रसोन हे आपले आवडते द्रव्य. श्वान आणि मांजर यांच्यात मात्र लसूण व कांदा रक्तकणांचा नाश करतात. हा परिणाम काही दिवसांनी दिसतो आणि रोज दिल्यास साचत जातो. रसोनक्षीरपाक, लशुनादि वटी श्वानासाठी देऊ नयेत.

द्राक्ष व मनुका : यांमुळे श्वानाचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि किती मात्रेने होईल याचा नेम नसतो. अलीकडे त्यातील टार्टारिक आम्लास कारण मानले जाते. चिंचेतही तेच आम्ल असते. द्राक्षारिष्ट, द्राक्षासव तसेच द्राक्षा हा घटक असणारे दशमूलारिष्ट वर्ज्य समजावे. आसव-अरिष्टांतील स्वयंजनित मद्यही श्वानास सोसत नाही.

कुचला व बचनाग : अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी यांतील स्ट्रिक्निन श्वानास अल्प मात्रेतही प्राणघातक ठरते. वत्सनाभयुक्त रसकल्पांविषयीही हीच सावधगिरी बाळगावी.

वेदनाशामक तेले व मलमे : गंधपुरा तेलात सॅलिसिलेट असते. श्वान लावलेले तेल काही मिनिटांतच चाटून पोटात घेतो. वरून लावलेले औषध त्याच्या बाबतीत आभ्यंतर औषधच ठरते. कापूरही असाच विषारी आहे.

अॅलोपॅथिक गोळ्या : आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन व डायक्लोफिनॅक यांनी श्वानाच्या जठरास व्रण पडून रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडास इजा पोहोचते. पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली शासनाने बंदी आणली, ती गुरांच्या मृतदेहांतून विषबाधा होऊन गिधाडे मेल्यामुळे. मानवी वापराच्या मोठ्या कुप्या जनावरांकडे वळत राहिल्याने २०१५ मध्ये त्याही बंद करून ३ मिलीची मर्यादा घालावी लागली. माणसाचे औषध जनावरासाठी देण्याच्या सवयीचे परिणाम कोठवर जातात, याचा हा धडा आहे. शिवाय पशुवैद्यकाने मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन आधीच दिले असल्यास वरून दुसरे वेदनाशामक दिल्याने धोका अनेक पटींनी वाढतो.

उपयोग कशाचा?

शल्लकीच्या निर्यासावर स्वित्झर्लंडमध्ये २९ श्वानांवर सहा आठवड्यांचा अभ्यास झाला आणि तो २००४ साली प्रसिद्ध झाला. लंगडणे व ताठरपणा यांत बहुसंख्य श्वानांत सुधारणा नोंदविली गेली. मात्र त्यात तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता. हळदीच्या अर्काचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तुलनात्मक होता. त्यात पायावर पडणारा भार यंत्राने मोजला असता हळद व निष्क्रिय द्रव्य यांत लक्षणीय फरक दिसला नाही. परीक्षकांच्या मते मात्र श्वान सुधारले होते.

हा विरोधाभास समजून घेण्याजोगा आहे. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निष्क्रिय गोळ्या दिलेल्या लंगड्या श्वानांतही मालकांना व पशुवैद्यकांना वारंवार सुधारणा 'दिसली'. भारमापक यंत्रावर ती नव्हती. श्वान बोलत नाही, म्हणून त्याच्या उपशयाचा निर्णय आपली आशा करते. 'आमच्या औषधाने कुत्रा बरा झाला' असे म्हणण्यापूर्वी हे स्मरावे.

निःसंशय उपयोगी असे एक साधन आहे, ते म्हणजे लंघन. लॅब्रॅडोर जातीच्या ४८ श्वानांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा चतुर्थांश कमी अन्न मिळालेले श्वान जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांच्यात सांध्यांचा विकार उशिरा आला. लठ्ठ श्वानाचे वजन उतरविणे, जिना व उड्या बंद करणे, फरशीवर चटई अंथरणे आणि पट्टा लावून थोडे थोडे चालविणे, हा सल्ला आपण निर्धास्तपणे देऊ शकतो.

व्यवहारासाठी नियम

श्वान पाय टेकत असेल, खात-पीत असेल व ताप नसेल, तर काही दिवस पूर्ण विश्रांती पुरेशी ठरू शकते. पाय मुळीच टेकत नसेल, सूज किंवा ताप असेल, पाय ओढत असेल, अथवा मोठ्या जातीचा प्रौढ श्वान असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे पाठवावे. दोन आठवड्यांनंतरही लंगडणे राहिले, तर पहिल्या तपासणीत काही आढळले नसले तरी पुन्हा तपासणी हवी; त्यासाठी परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ व अकोला येथील शासकीय पशुवैद्यक शिक्षणसंस्था उपलब्ध आहेत. पशुवैद्यकाने शल्लकीसारखे औषध सुचविल्यास त्यातील घटक, शुद्धता व मात्रा यांविषयी त्यास साहाय्य करणे, हे आपल्या ज्ञानाचे योग्य क्षेत्र होय.

औषधविक्रेत्यांनी गल्ल्यावर एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : "हे औषध माणसासाठी आहे की प्राण्यासाठी?" उत्तर 'प्राण्यासाठी' असे आले आणि पशुवैद्यकाची चिठ्ठी नसली, तर औषध न देता श्वानास पशुवैद्यकाकडे नेण्यास सांगावे. त्याने एका डबीची विक्री बुडेल. पण गिऱ्हाइकाचा विश्वास टिकेल आणि श्वानाचे खरे दुखणे वेळेवर सापडेल.